आधी पाणी, मग तेल



कविता लिहिणाऱ्या बाईला आकाशवाणीवर बोलावलं की ती पावसावर बोलेल, नाहीतर आईवर बोलेल, अशी ऐकणाऱ्यांची अपेक्षा असते. मी आज केसांवर बोलणार आहे. तेही कवितेतल्या केसांवर नाही. उर्दू शायरांनी जुल्फांवर दिवाणच्या दिवाण भरले. आपल्याकडच्या कवींनी केशसंभाराला मेघांच्या उपमा दिल्या. पण राठ, कोरड्या, कंगव्यात अडकून कटकन तुटणाऱ्या केसांचं करायचं काय, हे कोणत्याही कवीनं मला सांगितलं नाही. ते मला एका विडी वळणाऱ्या बाईनं सांगितलं. ती माझी आई. म्हणजे शेवटी आईवर बोलणं आलंच म्हणायचं.

मी सिन्नरची. जन्म १९७२चा, ऐन दुष्काळातला. केस कुरळे आणि राठ. शाळेत मुली मला 'झिपरी' म्हणायच्या आणि गल्लीतल्या बायका म्हणायच्या, 'दुष्काळातली पोर, केससुद्धा दुष्काळी.' त्यात थट्टा असली तरी थोडं तथ्यही होतं. आमच्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला पाऊस धो धो कोसळतो आणि सिन्नरला येईपर्यंत ढग रिकामे होतात. हवा कोरडी, वारा भणाणता. घरात पाणी बोअरचं. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट बादलीच्या कडेला पांढरा चिकट साका बसतो. तोच साका केसांवरही बसत असणार, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

सिन्नर म्हटलं की जुन्या लोकांना विडी आठवते. आमच्या गल्लीत घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत. अम्माही वळायची. कारखान्यातून पान-तंबाखू मिळायचा, हजारावर मजुरी ठरलेली. पान म्हणजे तेंदूपत्ता. तो येतो तेव्हा खडखडीत वाळलेला असतो. तसाच कात्रीखाली धरला तर त्याचा चुरा होतो. म्हणून अम्मा संध्याकाळी पानं पाण्यात भिजवायची, पाणी झटकायची आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी पान कसं मऊ, वळेल तिकडे वळणारं झालेलं असे. पाणी कमी पडलं तर पान तडकतं, जास्त झालं तर त्याला बुरशी येते. ते प्रमाण तिच्या बोटांना कळायचं. हे मी सांगते आहे ते उगीच नाही. पुढे याचाच उपयोग झाला.

आमच्याकडे गुरुवारी रात्री डोक्याला तेल आणि शुक्रवारी सकाळी न्हाणं. तेल म्हणजे वाटीभर खोबरेल, तेही डोक्याच्या मधोमध ओतलेलं. मग दोन घट्ट वेण्या. अंगाला जो साबण तोच केसांना. दोन दिवस केस चपटे बसत, तिसऱ्या दिवशी पुन्हा झाडूसारखे. अम्मा म्हणायची, 'और तेल लगाव.' शेजारी पद्मशाली समाजातल्या तेलुगू बोलणाऱ्या आक्का राहत. त्या शिकेकाई उकळून न्हायच्या. दिवाळीत पहाटे आपल्या मुलींबरोबर मलाही तेल-उटणं लावायच्या, शिकेकाईनं डोकं धुवायच्या. त्या दिवशी माझे केस निराळेच लागत. मला वाटायचं, ही दिवाळीची जादू.

पुढे बी. ए. झाले, लग्न झालं, चार पैसे हाती आले. १९८०च्या दशकापासून शाम्पूच्या पुड्या गावोगाव मिळायला लागल्या होत्या. त्या मी माळेसारख्या घरी आणत असे. एक गंमत सांगते. शाम्पू हा शब्द आपल्याकडचाच आहे. चांपणं, चंपी करणं, यातून तो इंग्रजीत गेला. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ब्रायटनला स्नानगृह चालवत आणि तिथे येणाऱ्यांचं अंग चांपून देत. राजे चौथे जॉर्ज यांचे ते 'शाम्पूइंग सर्जन' होते. म्हणजे मुळात शाम्पू ही हाताची करामत. बाटली नंतर आली आणि हात मागे पडला.

मीही बाटलीच्याच मागे लागले. पांढरे केस दिसायला लागल्यावर दर महिन्याला मेंदी. मेंदीतला रंग केसातल्या प्रथिनाला घट्ट धरतो, रंग सुरेख येतो. पण महिन्याच्या महिन्याला संबंध लांबीवर मेंदी थापली की केस आणखी कोरडे होतात, हा माझा अनुभव. मग एका लग्नाच्या निमित्तानं पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून घेतले. तीन तास डोळे चुरचुरत होते. अशा काही उपचारांत तापवल्यावर फॉर्माल्डिहाइडचा वायू सुटतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालीच त्याला कर्करोगकारक ठरवलं होतं, हे मी नंतर वाचलं. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं. सहा महिन्यांनी वरून माझे जुने कुरळे केस आले आणि खाली सरळ केलेली काडीसारखी टोकं तुटत राहिली. माझ्या कवितासंग्रहाच्या मलपृष्ठावर डोक्यावर पदर घेतलेला फोटो आहे. लोकांना त्यात मर्यादशीलता दिसते. खरं कारण आज जाहीर करते आहे.

आता २०१९ची गोष्ट. अम्मा मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण पुढे तीन महिने अंथरुण. वय ऐंशीच्या घरात. तिचे केस माझ्यासारखेच, कुरळे, कमरेपर्यंत. उताणं पडून पडून मागच्या केसांचा गुंता झाला. आम्ही औषधं, लघवी, पाठीचे व्रण यांत बुडालेलो. केसांकडे कोण बघणार? महिन्याभरानं पाहिलं तर मानेवर मुठीएवढा नमद्यासारखा गोळा झालेला. काळजी घ्यायला येणारी बाई म्हणाली, 'ताई, कापून टाका. या वयात काय करायचेत केस?' मलाही पटलं. कात्री आणली. अम्मा तोवर डोळे मिटून पडली होती. कात्रीचा आवाज ऐकून म्हणाली, 'पत्ता सूखा तो फेकते क्या? भिगाव उसको.'

मी कात्री ठेवली. लाज वाटली, खरं सांगते. आयुष्यभर हातातलं पान न तडकू देणारी बाई, आणि आम्ही तिला न विचारता तिचे केस कापायला निघालो होतो.

मग चार दिवस तेच काम केलं. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंत्याभोवती गुंडाळायचं, पाणी आत मुरू द्यायचं. मग साधं कंडिशनर बोटांनी आत सरकवायचं. मग दोन बोटांच्या चिमटीनं, टोकाकडून वर, एकेक बट सोडवायची. अम्मा तिथून सूचना देत होती, 'जल्दी नको, पाणी लगाव.' तिची भाषा अशीच, अर्धी इकडची, अर्धी तिकडची. चौथ्या दिवशी संध्याकाळी बारीक वेणी घातली. केस निम्मे गेले, निम्मे राहिले. आरसा मागितला तिनं. बघून काही बोलली नाही, पदरानं तोंड पुसलं.

अशा गुंत्याला आपल्या महाराष्ट्रात फार वाईट इतिहास आहे. केस विंचरले गेले नाहीत, गुंता झाला, तो धुता येईना, की त्याची जट होते. मग कुणीतरी सांगतं, ही देवीची जट, हिला हात लावू नका. त्या बाईला वर्षानुवर्षं डोक्यावर ते ओझं, मानेचं दुखणं, उवा आणि वास घेऊन जगावं लागतं. पूर्वी कित्येक मुलींना अशा जटेपायी देवाला सोडण्यात आलं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा बायकांच्या घरी जाऊन, त्यांची भीती घालवून जटा सोडवतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी हे काम फार चिकाटीनं केलं आहे. अम्माच्या मानेवरचा तो गोळा पाहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की जट व्हायला कोणत्याही देवीची गरज नसते. कोरडे केस आणि महिनाभराचं दुर्लक्ष, एवढंच पुरतं.

आता यामागचं कारण सांगते. आपल्याला दिसणारा केस हा निर्जीव असतो. त्याला खाऊपिऊ घालता येत नाही, जाहिरात काहीही म्हणो. तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे दोन फुटी वेणीचं टोक पाच वर्षांचं असतं. पाच उन्हाळे, शेकडो न्हाणी आणि हजारो वेळा फिरलेला कंगवा त्यानं सोसलेला असतो. केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात. ते नीट मिटलेले असले की केस मऊ लागतो, उचकटले की राठ लागतो आणि शेजारच्या केसात अडकतो. अंगाच्या साबणातल्या अल्कलीनं आणि जड पाण्याच्या साक्यानं केस असा राठ होतो. शिकेकाईचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि ती साबण नसल्यानं साकाही बसत नाही. आक्कांच्या दिवाळीची जादू ती हीच.

डोक्याच्या त्वचेतून नैसर्गिक तेल पाझरतं. सरळ केसावरून ते घसरत टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसात दर वळणावर अडतं. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडं, अशी आमची तऱ्हा. वय वाढलं की हे पाझरणंही कमी होतं, विशेषतः पाळी गेल्यावर. पण मुख्य मुद्दा असा की ओलावा म्हणजे पाणी. तेल म्हणजे ओलावा नव्हे. तेल हे ओल्या पानाभोवतीचं गोणपाट आहे. कोरड्या पानाला नुसतं गोणपाट गुंडाळून ते मऊ होईल का? आम्ही मात्र वर्षानुवर्षं कोरड्या केसांवर तेल थापत होतो आणि केस अजून कोरडे कसे, म्हणून आणखी तेल थापत होतो.

याचा अर्थ तेल वाया जातं असा नाही. खोबरेलाचं एक वेगळं काम आहे. २००३ साली मुंबईच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. खनिज तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल यांची त्यांनी केसांवर तुलना केली. धुण्या-विंचरण्यात केसातलं जे प्रथिन झिजून जातं, ती झीज फक्त खोबरेलानं कमी झाली. खोबरेलातल्या मुख्य आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यानं ते केसाच्या आत शिरतं. बाकीची दोन वरच राहतात. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीत काम करत होते, हेही सांगायला हवं. पण पाण्यानं केस फार फुगू नये म्हणून न्हाण्याआधी खोबरेल लावायचं, ही आपल्या आज्यांची रीत त्यातून बरोबर ठरली. आज्यांचं फक्त प्रमाण चुकलं. वाटी कशाला? दोन चमचे पुरतात.

तर आता माझा नेम सांगते. कागद-पेन घेण्याइतकंही त्यात काही नाही.

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा न्हायचं. त्याआधी तासभर, वाटल्यास आदल्या रात्री, केसांच्या लांबीला आणि टोकांना दोन चमचे खोबरेल. न्हाताना सौम्य शाम्पू किंवा शिकेकाईचं पाणी फक्त मुळांशी चोळायचं. खाली ओघळतं तेवढ्यानं बाकीचे केस स्वच्छ होतात. पाणी कोमट, कढत नको. बोअरचं पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे उकळून गाळून निवलेल्या पाण्याचे घ्यावेत. उकळल्यानं काही क्षार तळाशी बसतात. आमच्याकडे पावसाळ्यात पन्हाळीखाली स्वच्छ पातेलं असतं ते याचसाठी. मग लांबीला थोडं साधं कंडिशनर, दोन मिनिटांनी धुऊन टाकायचं. महागडं नको. त्याचं काम खवल्यांवर पातळ थर देऊन केस निसरडे करायचं, ते स्वस्तातलंही करतं.

यानंतर पंचानं खसाखसा पुसायचं नाही. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात केस दाबून पाणी टिपून घ्यायचं. केस अजून ओलसर आहेत तोवर तळहातावर खोबरेलाचे पाच-सहा थेंब चोळून तो हात केसांवरून, टोकांवरून फिरवायचा. हे महत्त्वाचं. पाणी आत असताना झाकण लावायचं. मग मोठ्या दातांच्या कंगव्यानं टोकाकडून वर, हलक्या हातानं विंचरायचं, कारण ओला केस लवकर ताणून तुटतो. मोकळे वाळू द्यायचे. ओले केस बांधून ठेवले तर वास येतो. जास्त भिजलेल्या पानाची बुरशी आठवा. रात्री सैल वेणी आणि वर मऊ ओढणी. आठवड्याच्या मध्ये टोकं कोरडी वाटली तर ओला हात फिरवायचा, त्यावर दोन थेंब तेल. झालं.

दोन-तीन गोष्टी सावधगिरीच्या. कोंडा असेल तर मुळाशी तेल थापू नका. कोंड्यातल्या बुरशीला तेल आवडतं. चाई पडली, खाज सुटली, केस मूठमूठ गळायला लागले, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. आणि केस अचानक कोरडे झाले, सोबत थकवा, थंडी वाजणं, वजन वाढणं असेल, तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. तिथे पाणी आणि तेल, दोन्ही उपयोगाचं नाही. आणि जिला केस कापून हलकं व्हायचं आहे, तिनं खुशाल कापावेत. तो निर्णय तिचा असावा, एवढंच.

अम्मा पुढे दोन वर्षं होती. काठी घेऊन चालायला लागली. दर शुक्रवारी मी तिला न्हाऊ घालायचे आणि ती मला ओरडायची, तेल जास्त झालं म्हणून. २०२१च्या हिवाळ्यात ती गेली. आमच्यात बाईला अखेरची आंघोळ घरातल्या, नात्यातल्या बायका घालतात आणि केसांचे दोन भाग करून छातीवर ठेवतात. ते काम माझ्याकडे होतं. माझी बोटं कुठेही अडकली नाहीत.

गेल्या सुट्टीत माझी भाची आली होती. कॉलेजात जाते. केस आमच्याच घराण्याचे. म्हणाली, 'फुप्पी, केस सरळ करून घ्यायचेत, पैसे दे ना.' मी म्हटलं, देते, पण आधी तीन महिने मी सांगते तसं कर. जमलं नाही तर पैसे घेऊन जा. तीन महिन्यांनी तिचा फोन आला. केस कुरळेच ठेवले आहेत म्हणाली. पैसे मात्र तिनं मागितलेच, मोबाइलसाठी.

तर श्रोतेहो, उद्या न्हाल तेव्हा तेलाची बाटली थोडी बाजूला ठेवा. आधी केस नीट भिजू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)